नाकाची हद्द

भिवापुरात नाक हा अवयव विधात्याने प्राधान्येकरून शिंकण्यासाठीच दिला असावा, असा समज माघ-फाल्गुनात तेथे प्रथमच उतरणाऱ्या प्रवाशाने करून घेतला, तर त्यास फारसा दोष देता येणार नाही. नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या तालुक्याच्या गावी, ज्या मिरचीने आपल्या लाल रंगाच्या बळावर सरकारदरबारी भौगोलिक मानांकनाचा दाखला मिळविला, ती मिरची त्या दिवसांत सातऱ्यांवर, म्हणजे तिच्या वाळवणाच्या जागांवर, पसरलेली असते, नाकातोंडाला पदर गुंडाळलेल्या बायांच्या रांगा तिची देठे खुडीत बसलेल्या असतात, आणि वारा जर गावाच्या दिशेने वाहू लागला, तर तहसील कचेरीपासून बसस्थानकापर्यंतचा प्रत्येक नागरिक जात, पक्ष व वय यांचा भेद विसरून एकदिलाने शिंकू लागतो. अशा गावातील एका प्रौढ व प्रतिष्ठित गृहस्थाने आपल्या निसर्गदत्त नाकावर सिलिकॉनचे दुसरे नाक डकवून घेऊन रात्रभर वावरण्याचे मनावर घ्यावे, हे धाडस म्हणावे की अविचार, याचा निवाडा वाचकांवर सोपवून आम्ही केवळ हकिकत निवेदन करतो.

हे गृहस्थ म्हणजे एक सेवानिवृत्त तलाठी. उभी हयात सात-बाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि बांधावरचे तंटे यांत गेल्यामुळे त्यांच्या मुद्रेवर एक कायमची सरकारी गंभीरता मुक्कामास आली होती. झाडीपट्टीच्या नाटकात सावकाराची भूमिका करताना त्यांना निराळा अभिनय असा करावाच लागत नाही, असे त्यांचे स्नेही म्हणत. आणि ज्यांच्या नोंदी त्यांच्या हातून मुदतीत झाल्या नव्हत्या, ते तर हेच अधिक ठासून म्हणत.

झाडीपट्टी म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांस थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. भिवापूर ओलांडून पवनीकडे वा नागभीडकडे निघाले, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा तो धानाचा व जंगलाचा मुलूख लागतो, जेथे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली की होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो, नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे वडसा देसाईगंज येथे असते, आणि प्रेक्षक तिकीट काढून, घोंगडी पांघरून, उजाडेपर्यंत बसतात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली, तेव्हा कित्येक शहरी समीक्षकांस नकाशा उघडावा लागला असेल. या रंगभूमीची रंगभूषेबाबतची वहिवाट मोठी समंजस आहे. स्पिरिट गमने मिशी चिकटवावी, केसांवर पांढरी भुकटी मारावी, कपाळावर काळ्या पेन्सिलीने तीन रेघा ओढाव्यात, म्हणजे पंचविशीतला तरुण साठीचा झाला असे नट आणि प्रेक्षक या उभय पक्षांनी मान्य करावयाचे. तिसऱ्या अंकात खलनायकाची मिशी एका बाजूने सुटली, तर तो ती बोटाने दाबून धरून उरलेला संवाद पुरा करतो, आणि प्रेक्षक त्याबद्दल त्याचा एकाही टाळीचा हक्क कापून घेत नाहीत.

या सलोख्यात बिब्बा घातला तो गावातल्याच एका तरुणाने. मुंबईच्या चित्रीकरणगृहांत काही वर्षे मोठमोठ्या रंगभूषाकारांच्या हाताखाली राहून तो चेहरे बदलण्याची विद्या शिकला होता, आणि दिवाळीस घरी आला असता तलाठ्यांच्या कपाळावरील त्या तीन रेघा पाहून त्याचे अंतःकरण इतके व्यथित झाले, की त्याने तेथल्या तेथे सावकारास एक नवे, बाकदार, लोभी नाक स्वखर्चाने करून देण्याचा संकल्प सोडला. तलाठ्यांनी प्रथम नकार दिला. परंतु ‘हे नाक पन्नास फुटांवरूनच काय, पाच बोटांवरूनही ओळखू येणार नाही’ हे शब्द ऐकताच त्यांच्यातील महसुली अंमलदार जागा झाला, आणि खोटा दस्तऐवज पाच बोटांवरून ओळखण्याचा ज्यांचा लौकिक होता त्यांनी, केवळ पडताळणीसाठी म्हणून, आपला चेहरा त्या तरुणाच्या स्वाधीन केला.

नवे नाक करावयाचे तर आधी जुन्याची नक्कल घ्यावी लागते. त्यासाठी समुद्रशैवालापासून काढलेले अल्जिनेट नावाचे चूर्ण पाण्यात कालवून, ज्याने दंतवैद्य कवळीचे माप घेतात तेच, संपूर्ण चेहऱ्यावर थापतात, आणि ते काही मिनिटांत थिजले की वरून ओल्या प्लॅस्टर बँडेजच्या पट्ट्या बसवितात. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. डोळे, तोंड आणि अधिकार ही सारी स्थगित. “काकाजी, जरा बी हालू नोका,” अशी त्या तरुणाने ताकीद दिली. ओसरीवरून हा सोहळा पाहणाऱ्या तलाठीणबाई शेजारणीस म्हणाल्या, “लगन झालं तवापासून यायले येवढं चूप मी आजच पाह्यलं, बाई.”

ज्याला प्रतिवाद करता येत नाही अशा श्रोत्यास इतिहास सांगण्यासारखा दुसरा सुखाचा प्रसंग नाही, आणि त्या तरुणाने तो साधला. अमेरिकेतील डिक स्मिथ या रंगभूषाकाराने १९७० सालच्या ‘लिटल बिग मॅन’मध्ये डस्टिन हॉफमन या तरुण नटास एकशे एकवीस वर्षांचा वृद्ध करताना, चेहऱ्यावर एकसंध मुखवटा न चढविता, परस्परांवर किंचित चढणारे निरनिराळे तुकडे वापरले, त्यामुळे रबराखालूनही नटाचा चेहरा हालू लागला, आपल्याकडे ‘चाची ४२०’मध्ये कमल हासन यांना जी चाची लाभली ती मायकेल वेस्टमोर यांच्या हातची, २००९ सालच्या ‘पा’मध्ये अमिताभ बच्चन यांस अकाली वृद्ध झालेले पोर बनविले ते क्रिस्टियन टिन्सली आणि डॉमिनी टिल यांनी, आणि त्याबद्दल त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पूर्वीचे फोम लेटेक्स अपारदर्शक, त्यामुळे त्यावर कितीही रंग चढविला तरी ते रंगविलेलेच दिसे, सिलिकॉनमध्ये मात्र मांसाप्रमाणे थोडा उजेड आत शिरतो, म्हणून त्वचेचा भास रंगावाचूनच निम्मा साधतो, हे सर्व त्याने एका दमात सांगितले. विक्रम गायकवाड यांचे नाव घेताना मात्र त्याने कानाच्या पाळीस हात लावला. २०२५ साली निवर्तलेल्या या मराठी रंगभूषाकारास एकाच वर्षी, २०११ च्या ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या दोन चित्रपटांसाठी, राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला होता. रंगभूषा दिसली नाही म्हणजेच ती साधली असे या शास्त्राचे मत असल्यामुळे, परीक्षकांनी त्या प्रसंगी नेमके काय पाहिले असेल, हा प्रश्न आम्हांस अनेक दिवस छळतो आहे.

परंतु नाकाच्या बाबतीत अमेरिकेचे इतके कौतुक ऐकून घेणे मराठी रक्तास मानवले नाही, आणि आम्ही मध्येच कावसजीची कैफियत मांडली. इंग्रज फौजेतील बैल हाकणारा हा मराठी शेतकरी १७९२ च्या मोहिमेत टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला, आणि वर्षभर नाकावाचून काढल्यावर पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील कारागिराने त्यास कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. ही बातमी ऑक्टोबर १७९४ च्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या लंडनच्या मासिकात सचित्र छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला तसलेच नाक करून दाखविले. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या कारागिराने कातडीस सुरी लावण्यापूर्वी मेणाच्या पातळ पत्र्याचे एक सुबक नाक रुग्णाच्या चेहऱ्यावर बसवून पाहिले, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेविला आणि त्याच्या कडेने रेघ आखली. पुण्याच्या आसमंतात वीटभट्टीवरचा मनुष्य नाकाचा नमुना करून माप घेत होता, तेव्हा हॉलिवुडच्या जागी काय होते याचा शोध जिज्ञासूंनी अवश्य घ्यावा. तलाठ्यांनी प्लॅस्टरच्या आतून हुंकार दिला, तो आम्ही अनुमोदन समजलो. पुढे कळले की त्यांना शिंक आली होती.

चेहऱ्याची ठोकळप्रत निघाली, तिच्यावर तेलमातीचे सावकारी नाक घडले, त्याचा साचा झाला. या साच्यात सिलिकॉन ओतण्याच्या कामी पहिला घाणा वाया गेला, कारण मदतनिसाने हातात रबरी मोजे घातले होते आणि प्लॅटिनमवर जमणाऱ्या सिलिकॉनला त्या रबरातील गंधकाचा नुसता स्पर्शही वर्ज्य असतो. ते आठ दिवस ठेवले तरी चिकटच राहते. दुसरा घाणा साधला. सिलिकॉन नुसते ओतीत नाहीत. साच्याच्या दोन्ही अंगांस प्रथम एका विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचे पातळ लेप देतात, म्हणजे सिलिकॉन त्या पिशवीत बंदिस्त राहते आणि पिशवीची कड नाकाच्या पुढे सायीइतकी पातळ उरते. या कडेस ती मंडळी ‘एज’ म्हणतात, तिच्याविषयी कुजबुजत्या स्वरात बोलतात, आणि तिला कोणी बोट लावू गेले तर धावून येतात.

येथून खरे नाट्य सुरू होते. नाक घडविणे ही शिल्पाची बाब झाली, आणि बऱ्यापैकी हात असलेला कोणीही ते घडवील. ते चेहऱ्यास असे लावणे, की कोठे गाल संपतो आणि कोठे नाक सुरू होते हे गालासही उमगू नये, यात ही विद्या आहे. तरुणाने तलाठ्यांचा चेहरा अल्कोहोलने पुसून निर्मेद केला. (तलाठी माळकरी असल्याने ‘हे पोटात जाणारे नव्हे ना’ असा एक तांत्रिक मुद्दा उपस्थित झाला, तो निकालात निघाला.) मग दुधासारखा पांढरा गोंद नाकाच्या दांड्यावर लावला, आणि तो वाळून पारदर्शक होईपर्यंत सर्वांनी श्वास रोखून वाट पाहिली. सिलिकॉनचे नाक प्रथम मधोमध टेकवावयाचे, मग मध्यापासून बाहेर सरकत, बारीक कुंचल्याने कडेखाली गोंद सारीत, एकेक दोरा पुढे जावयाचे. कड दुमडली की ती उलगडत नाही, आणि दुमडलेली कड लपविण्यास कितीही रंग पुरत नाही. शेवटी कापसाच्या काडीने अल्कोहोल घेऊन त्या सायीवरून फिरविले, की ती सुटून, विरघळून, कातडीत नाहीशी होते. जेथे तरीही पायरी उरते तेथे तोच गोंद सिलिकेच्या धुळीने घट्ट करून भरतात.

तलाठी हातात आरसा धरून हे सर्व पाहत होते आणि त्यांचा चेहरा, म्हणजे त्याचा जो भाग अद्याप त्यांच्या नावावर होता तो, हळूहळू विस्मित होत चालला होता. ज्या माणसाने दोन भावांच्या शेतांमधला एक बांध कायम करण्यासाठी मोजणीची साखळी, जुने नकाशे, चार पंच आणि दोन पिढ्या खर्ची पडलेल्या पाहिल्या होत्या, त्याच्या डोळ्यांदेखत एक पोरगा ओल्या कापसाने एक संपूर्ण हद्द पुसून टाकीत होता, आणि कोणत्याही कब्जेदाराने हरकत घेतली नव्हती. “इकडून खातं फोडा,” ते उजव्या नाकपुडीजवळ बोट नेत म्हणाले, “इथं बांध दिसते.” खरोखरच तेथे केसाएवढी रेघ राहिली होती. रंगभूषाकाराने आजवर अनेक दिग्दर्शकांच्या सूचना ऐकल्या असतील, पण इतक्या योग्य खात्याचा तपासनीस त्यास पूर्वी लाभला नसावा. कड नेहमी चेहऱ्याच्या स्वाभाविक सुरकुतीत, नाकापासून ओठाकडे उतरणाऱ्या घडीत लपवावी, हे त्या तरुणाला शिक्षणाने ठाऊक होते. ‘अतिक्रमण नाल्याच्या काठाकाठानं करावं, मंग मोजणीत येत नाही,’ हे तलाठ्यांना अनुभवाने.

रंगाचे काम मात्र तलाठ्यांच्या आकलनापलीकडचे निघाले. आपला वर्ण गव्हाळ आहे असे ते आजवर प्रत्येक अर्जात लिहीत आले होते. तरुणाने त्यांस दाखवून दिले, की गव्हाळ असा रंग चेहऱ्यावर कोठेच नाही. तेथे तांबडा आहे, डोळ्यांखाली जांभळट निळा आहे, ओठांभोवती हिरवटपणा आहे, कपाळाला पिवळी झाक आहे, आणि या सर्वांच्या गर्दीस आपण दुरून गव्हाळ म्हणतो. म्हणून सिलिकॉनवर एकच एक रंग फासला तर ते मेणाच्या फळासारखे निर्जीव दिसते. अल्कोहोलने भिजणारे रंग घेऊन, आखूड कापलेल्या कुंचल्याचे केस बोटाने मागे ओढून त्याने बारीक शिंतोडे उडविले, प्रथम तांबडे, मग तपकिरी, मग दोन-चार निळसर, नाकाच्या शेंड्यास भिवापूरच्या हवेत जो लालपणा प्रत्येकास लाभतो तो दिला, तीळ दिला, आणि अखेरीस, ज्यामुळे आम्ही त्याच्या बुद्धीपुढे नतमस्तक झालो, चष्म्याच्या दांडीने वर्षानुवर्षे पडणारे दोन खळगे नव्या नाकावरही दिले. सिलिकॉनची चकाकी भुकटीने मारल्यावर तलाठीणबाईंनी जवळ येऊन पाहिले आणि त्या एकच वाक्य बोलल्या: “आता माहेरचे वळखतीन का यायले?”

पहिला प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात होता, आणि त्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ही गोष्ट मुंबईच्या शिक्षणक्रमात नसावी. वाटेतल्या नाक्यावर मंडळाची गाडी थांबवून तपासणी झाली, तेव्हा तरुणाच्या पेटीतून ‘अल्कोहोल ९९ टक्के’ असे स्वच्छ लिहिलेली बाटली निघाली. शिपाई भला मनुष्य होता; त्याने हयातीत पुष्कळ माल पकडला होता, पण इतक्या प्रामाणिकपणे आपली टक्केवारी सांगणारा त्यात एकही नव्हता. “काहून लागते हे?” त्याने विचारले. “नाकाची कड पुसाले,” तरुण उत्तरला. शिपायाने डबा उघडला, तो आत कापसावर तीन नाके शेजारी शेजारी निजलेली. यानंतर जी शांतता पसरली ती तलाठ्यांनी मोडली. त्यांनी शिपायाकडून कागद मागून घेतला आणि सवयीच्या हस्ताक्षरात, विचारल्यावाचून, लिहून दिले: नग तीन, नाके, मानवी नव्हेत, रंग गव्हाळ, मालक समक्ष हजर, द्रव पिण्यास अपात्र. शिपायाने तो मजकूर दोनदा वाचला, बाटलीचा वास घेऊन तोंड वाकडे केले, आणि प्रयोगाचे दोन पास घेऊन गाडी सोडली.

प्रयोग उत्तम झाला, आणि नाकाने तर कमाल केली. ते रात्रभर न सुटता, न सुरकुतता, सावकाराच्या प्रत्येक दुष्ट हास्याबरोबर गालांसह वर चढले व खाली उतरले. त्याची तारीफ मात्र कोणीही केली नाही. मुखवटा असता तर पोरांनी टाळ्या पिटल्या असत्या, पेन्सिलीच्या रेघा असत्या तर जाणत्यांनी ‘काय म्हातारा साधला’ म्हणून मान डोलावली असती; येथे कोणास काही केले आहे असेच वाटले नाही. मध्यंतरात पहिल्या रांगेतील एक म्हातारी रंगपटाशी येऊन कळवळून म्हणाली, “तलाठीसायेबाच्या नाकाले गांधीलमाशी चावली वाट्टे, हळद लावा बाप्पा.” एका कंपाउंडरने रक्तदाब तपासण्याचा सल्ला दिला. कड विरघळविण्यात ज्याचे तीन तास गेले होते, तो तरुण विंगेत उभा राहून आपल्या संपूर्ण यशाचे हे पुरावे ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रयोग पडल्याची कळा होती. त्याने आम्हांस हळूच विचारले, की शेवटच्या अंकात कड जरा सुटू दिली तर लोकांना कळेल काय. तलाठ्यांनी ते ऐकले आणि साफ नकार दिला. एकदा मंजूर झालेला फेरफार आपण अपिलावाचून रद्द करीत नाही, असे ते म्हणाले.

पहाटे नाक उतरविणे लावण्याइतकेच सावकाशीचे. ओढून काढले तर खाली स्वतःची कातडीही येते, म्हणून तेलकट द्राव कुंचल्याने कडेखाली मुरवीत, गोंदास एकेक बोट राजी करीत जावे लागते. आणि इतके करूनही ती सायीसारखी कड फाटतेच, म्हणजे एक नाक एका रात्रीपुरते, दुसऱ्या प्रयोगास दुसरे. नाट्यमंडळाच्या मालकास हे प्रथम त्या पहाटेच कळले. त्याने हंगामातील प्रयोग बोटांवर मोजले, एका नाकाची किंमत विचारली, खिशातून विडी काढली, ती न पेटविता पुन्हा ठेविली, आणि असा ठराव केला, की मोठ्या ठाण्यांवर मोठे नाक लागेल, बाकी गावांना काकाजींनी आपले घरचे वापरावे.

या ठरावाची वार्ता नाटकाच्या आधी गावोगाव पोहोचली. आठवड्याभराने एका लहान गावी प्रयोग संपताच आयोजक मंडळाच्या अध्यक्षांनी उरलेली रक्कम देण्याचे नाकारले; शेजारच्या गावाला सावकाराचे नाक बाकदार व भरदार दाखविण्यात आले असता आपल्या गावाला आखूड नाक देऊन बोळवण केली, तिकिटाचा दर मात्र एकच, अशी त्यांची तक्रार होती, आणि जमावाची त्यांस सहानुभूती होती. त्या पहिल्या रात्री ज्यांना नाक दिसले नव्हते त्यांचेच पाहुणे या गावात त्याचे वर्णन करीत हिंडत होते. वाद वाढलेला पाहून तलाठ्यांनी पुन्हा कागद मागविला आणि लिहून दिले, की सदर गावी दाखविण्यात आलेले नाक हे आपले वडिलोपार्जित असून आपल्या निर्वेध कब्जात व वहिवाटीत आहे, त्यावर कोणाचा बोजा नाही, आणि ते शेजारच्या गावी दाखविलेल्या नाकापेक्षा आकाराने कमी असले तरी अस्सल आहे. अध्यक्षांनी तो मजकूर मोठ्याने वाचविला, दोन पंचांकडून नाक ओढवून समक्ष खात्री करून घेतली, आणि एकशे एक रुपये कापून बाकीची रक्कम चुकती केली.